चमकीच्या सदऱ्यातले पैलवान

आमच्या घरात नोकरी मी करायचे आणि घर नवरा सांभाळायचा. आज हे सांगताना जीभ अडखळत नाही, पण दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये, हे वाक्य मी मराठीतून एकालाही ऐकवलं नव्हतं. जर्मनमधून मात्र बिनधास्त सांगायचे. जर्मनमधून सांगितलेलं कोल्हापूरला ऐकू जात नाही.

झालं होतं असं की मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून मला बोलावणं आलं, आणि नवरा माझ्या व्हिसावर आला. त्याच्या पासपोर्टात एक लांबलचक जर्मन शिक्का होता. त्याचा अर्थ एवढाच की या गृहस्थाने इथे नोकरी करायची नाही. सुरुवातीला तो त्या शिक्क्याकडे बघून उसासे टाकायचा. मग त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि उसासे थांबले. अहो, काय चव होती त्याच्या हाताला! लग्नाआधी कुणी सांगितलं असतं की हा माणूस असा पांढरा रस्सा करतो, तर मी बाकीची चौकशीच केली नसती. शिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे जायची. तिला केअरवोखं म्हणतात, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकवतात. नवरा तो जिना असा घासायचा की बिल्डिंगमधल्या श्वाबियन, म्हणजे त्याच मुलखातल्या, आज्या आपापल्या नवऱ्यांना बोलावून दाखवायच्या.

सगळं सुरळीत चाललेलं असताना कोल्हापूरहून सासरे यायचं ठरलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, नवरा आबा म्हणतो. मामा तरुणपणी तालमीतले नावाजलेले पैलवान, पुढे शाळेत पी.टी.चे मास्तर. मान अजून बैलासारखी. सासूबाई गेल्यापासून एकटेच होते, म्हणून हिवाळ्यात आमच्याकडे बोलावलं. घोळ असा होता की मामांनी अख्ख्या तालमीत सांगून ठेवलं होतं, पोरगा जर्मनीत मोटारी करतोय, साहेब हाय. आम्ही कुणी खोटं बोललो नव्हतो. मामाच तसं धरून चालले आणि नवऱ्याने दुरुस्त केलं नाही. फोनवर "काम कसं चाललंय?" विचारलं की तो "झकास, आबा" म्हणायचा. ते काम म्हणजे जिना, हे आबांना कसं कळणार?

"अरे, सांगून टाक ना एकदाचं," मी म्हटलं. "चोरी केलीयस का तू?"

"तुला आबा माहीत नाहीत."

"माहीत आहेत. माणूसच आहेत ना? खातील का तुला?"

तो भांडी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "आबांनी मला आयुष्यात एकदाच शाबास म्हटलंय. इकडे यायला निघालो तेव्हा, विमानतळावर. ते मला परत करायचं नाहीये."

मी भांडखोर आहे हे मान्य, पण दगड नाही. मग ठरलं की मामा असेपर्यंत त्याने रोज सकाळी माझ्याबरोबर टाय लावून, बॅग घेऊन बाहेर पडायचं, कुठल्यातरी लायब्ररीत दिवस काढायचा आणि संध्याकाळी माझ्याबरोबर दमल्यासारखं तोंड करून परत यायचं. मी मामांसमोर त्याला "अहो" म्हणायचं. आणि स्वयंपाक, आल्झो, म्हणजे आता काय सांगू, स्वयंपाक मी करायचा.

मामा आले. पहिल्याच दिवशी दाराला केअरवोखंची पाटी लटकलेली दिसली. त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली, तिच्यावरची धूळ पंच्याने पुसली आणि विचारलं, "ह्यो मान कशाबद्दल मिळालाय?" नवरा म्हणाला, "दर महिन्याला मिळतो, आबा." मामांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायला लावला. तो फोटो पुढे पोस्टाने जाऊन तालमीच्या भिंतीवर लागला. त्या आठवड्यात जिना मला झाडावा लागला, मामा अंघोळीला गेले की घाईघाईने, आणि आज्यांनी तोंडं वाकडी केली ती केलीच.

माझ्या स्वयंपाकाबद्दल मामा काही बोलायचे नाहीत. भाकरी उचलून उजेडात बघायचे, ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "पोटाला आधार झाला."

दिवसभर घरात एकटा माणूस करणार काय? मामांनी टीव्ही लावला. बातम्या कळेनात, सिनेमे कळेनात. खेळांचं एक चॅनल कळायला लागलं, कारण खेळाला भाषा लागत नाही. असंच एका शनिवारी आम्ही तिघंही घरात होतो. हीटर चालू असूनही मामा कानटोपी घालून सोफ्यावर मांडी ठोकून बसलेले. पडद्यावर बर्फाचं मैदान आलं आणि त्यावर एक सडपातळ आकृती घसरत आली. काळा झिरझिरीत सदरा, गळा छातीपर्यंत उघडा, त्यावर काचमण्यांची नक्षी, कपाळावर झुलपं, डोळ्यांत काजळासारखं काहीतरी.

"पोरगी चपळ हाय," मामा म्हणाले.

"मामा, मुलगा आहे तो."

मामांनी चष्मा काढला, पंच्याला पुसला, परत लावला. "कोन म्हनतंय?"

"खाली लिहिलंय. पुरुषांची स्पर्धा. मुलगा जपानचा आहे."

"पुरुषांची!" मामा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. "बाप्या गड्यानं टिकल्यांचा सदरा घालायचा? आनि हात बघ की त्याचा, हात! असा फिरवतोय जनू हळदीकुंकवाला आलाय. काय दिवस आलं, आयला!"

तेवढ्यात त्या मुलाने उडी मारली. हवेत गरागरा फिरला आणि धाडकन बर्फावर आपटला. कुल्ल्यावर. मी "अगं बाई" म्हणेपर्यंत उठलासुद्धा, आणि संगीत चुकू न देता, तोच हात तसाच फिरवत पुढे गेला.

मामा पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "खुबा गेला त्याचा."

"काय?"

"डावा पाय बघ, जपून टाकतोय. खुब्यावर पडलाय, आत कळ गेली असनार. आनि थोबाडावर काय हाय का? हसतंय बेनं!" आणि मग ते ओरडलेच, "उचल! उचल पाय! दम सोडू नगंस, मर्दा!"

नाच संपला. मुलाने चारी दिशांना कमरेत वाकून नमस्कार केला, कडेच्या बाकावर गुरूंशेजारी जाऊन बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"आता का रडतंय?" मामा चक्रावले. "पडलं तवा न्हाई रडलं, आनि आता?"

"आता संपलं ना, आबा. म्हणून," नवरा दारातून म्हणाला. मामांनी त्याच्याकडे एकदा बघितलं.

एवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या जपानी बाई होत्या. त्यांचे यजमान गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होते, आणि बाईंची माझ्या नवऱ्याशी जर्मनच्या क्लासात ओळख झालेली. दोघंही आपापल्या जोडीदाराच्या व्हिसावर आलेले, त्यामुळे त्यांची चांगली गट्टी होती. आमचं नाटक त्यांना ठाऊक होतं आणि ते न फोडण्याबद्दल त्यांनी वाकून शब्द दिला होता. वरून ओरडणं ऐकून, कुणाला काही झालं की काय, म्हणून त्या धावत आल्या होत्या. टीव्हीकडे त्यांचं लक्ष गेलं. "आख!" एवढंच म्हणाल्या, चपला काढल्या आणि येऊन सोफ्यावर बसल्या. बाई या खेळाच्या वेड्या निघाल्या. साध्यासुध्या नव्हे, बहिणीकडून कॅसेटी मागवणाऱ्या वेड्या.

दुसऱ्या दिवशी त्या आपला व्हिडिओ प्लेअर उचलून आमच्याकडे घेऊन आल्या आणि मामांची शाळा सुरू झाली. मी कामावरून आल्यावर दुभाष्याचं काम करायचे, मी नसताना दोघांचं हातवाऱ्यांवर भागायचं. परक्या बाईबरोबर घरात एकटं बसायचं म्हणून मामा घराचं दार सताड उघडं ठेवायचे. तालमीतला संस्कार! पण त्यामुळे आमच्या हीटरची ऊब जिन्यात जायची, आणि जर्मन माणसाला यापेक्षा मोठं पाप माहीत नाही. घरमालकाचे फोन यायला लागले. मी सांगायचे, "सासरे आहेत, शील सांभाळतायत." ते सांगायचे, "खिडकी उघडून सांभाळा, दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ."

कॅसेटींवर जपानी निवेदक बोलायचा, बाई त्याचं जर्मन करायच्या, मी मराठी करायचे. त्यात मला एक गंमत कळायला लागली. निवेदक सदऱ्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. तो बोलायचा मोडलेल्या घोट्याबद्दल. याला डॉक्टर म्हणाले सोडून दे, याने सोडलं नाही. हा पहाटे उठून सराव करतो, वडील लांबून गाडी चालवत आणतात, आईने स्वतः टिकल्या शिवल्या आहेत. बाईंकडे मासिकंही होती. मुखपृष्ठावर एक मुलगा ओल्या केसांनी असा रोखून बघतोय की आता कुणाचा तरी जीव घेणार. आत पान उलटलं की तोच लोकरीचा स्वेटर घालून मांडीवर कुत्र्याचं पिल्लू घेऊन बसलाय. पुढच्या पानावर दात-ओठ खात वजनं उचलतोय. त्याच्याही पुढे आईच्या हातचा डबा खाताना लाजतोय.

"म्हणजे राजपुत्र पण हाच, शिपाई पण हाच आणि आईचा बाळ पण हाच?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे या मुलांनी सगळंच व्हायचं असतं."

"मग सराव कवा करतंय?" मामांनी विचारलं.

मामांचा एक लाडका ठरला. त्याच काळ्या सदऱ्यातला, पडणारा. तो प्रत्येक वेळी सगळ्यात अवघड उडी मारायचा आणि बहुतेक वेळा पडायचा. बाई म्हणाल्या, सोपी उडी मारली तर तो सहज जिंकेल, पण लोक म्हणतात पुरुषाने अवघडच मारावी. मामांनी मांडीवर थाप मारली. "बरूबर हाय! ह्यो खरा गडी."

आता मात्र माझं डोकं फिरलं. माझं कामच मुळी गाडीचा कुठला भाग कधी तुटेल हे बघायचं. "काय बरोबर आहे, मामा? मूर्खपणा आहे निव्वळ! वरून एवढ्या टिकल्या लावल्यात, मला वाटलं यांच्याकडे काहीतरी नवीन असेल. आत बघावं तर तीच तुमची जुनी तालीम. हाड मोडलं तरी चालेल पण मागे हटायचं नाही! मग काय फरक पडला?"

"फरक हाय की," मामा म्हणाले. "आमी असला सदरा घालत न्हवतो."

"तुम्ही तर सदराच घालत नव्हता!"

मामा हसले आणि त्यांनी पाकिटातून त्यांचा तरुणपणीचा फोटो काढला. लाल मातीत, अंगाला तेल, लंगोटावर, दंड फुगवून उभे. जपानी बाईंनी फोटो हातात घेतला, कानापर्यंत लाल झाल्या आणि बराच वेळ परत देईनात. मग म्हणाल्या, "यांचा पोशाख आमच्या मुलांच्या पोशाखापेक्षा खूपच लहान आहे." मी ते मराठीत सांगितलं. मामांनी फोटो लगबगीने पाकिटात घातला आणि दार आणखी थोडं उघडलं.

त्या संध्याकाळी कॅसेटवर मामांचा लाडका जिंकला आणि अर्थातच रडला. प्रेक्षकांतल्या बायका बर्फावर फुलं आणि कापडी अस्वलं फेकत होत्या. मामांना अस्वलांचं कोडं उलगडत नव्हतं. "आमच्यात गदा देतात. ह्यो एवढा गडी अस्वल घेऊन काय करनार?" मी बाईंना विचारलं, "तुमच्याकडे पुरुष असे रडलेले चालतात वाटतं?"

बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "माझे यजमान रात्री अकराला येतात," त्या म्हणाल्या. "सासरे वारले तेव्हासुद्धा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आमच्याकडे पुरुषाला रडायला बर्फ लागतो."

मी ते वाक्य मामांना मराठीत सांगत होते, तेव्हा नवरा टाय सैल करत सोफ्यामागे उभा होता. सांगून होईपर्यंत तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिला. मला वाईट वाटलं, आणि मामांचा राग आला, आणि टायचाही.

फेब्रुवारी संपत आला. माझी मागच्या वर्षीची रजा, म्हणजे रेस्टउर्लाउब, मार्चअखेर संपवली नसती तर बुडली असती, म्हणून मी एक मंगळवार घरी राहिले. नवरा ठरल्याप्रमाणे टाय लावून "ऑफिसला" गेला. मामांनी चहा घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, येवढं बघितलं, पर त्यो बर्फ कवा हाताला न्हाई लागला. कुस्ती बघायची तर माती हातात घ्यावी लागती."

शेजारच्या गावात आइसहाले होतं, सगळ्यांना खुलं असलेलं बर्फाचं मैदान. मी मामांना घेऊन बसने निघाले. मामांनी धोतरावर जॅकेट, कानटोपी आणि माझ्या नवऱ्याचे बूट घातले होते. मंगळवारी सकाळी तिथे कोण असणार? निवृत्त बायकांचा एक कंपू होता. रंगीबेरंगी लोकरी टोप्या घालून गोल गोल फिरत होता. आणि त्यांच्या मधोमध एक पुरुष होता. पांढरा शर्ट, टायचं टोक दोन बटणांच्या मधून शर्टात खोचलेलं, दोन्ही हात पसरलेले, एक पाय मागे उचललेला, डोळे अर्धवट मिटलेले. मजेत घसरत चालला होता. खरं सांगते, क्षणभर मला तो माणूस फार देखणा वाटला. मग कळलं की तो माझाच आहे.

लायब्ररी म्हणाला होता मेला! लायब्ररीची खुर्ची याला दोन दिवसांत बोचायला लागली होती, हे मला नंतर कळलं.

मामांनी कठड्याला हात टेकले आणि डोळे बारीक केले. "ह्यो गडी बरा हाय," ते म्हणाले. "पर अंग म्होरं टाकतोय." आणि तालमीतला आवाज लावून ओरडले, "गुडघा सोड! गुडघा सोड की रं! कंबर मागं घे!"

आवाज ओळखून नवऱ्याचे डोळे खाडकन उघडले.

मामांनीही ओळखलं. "आरं, ह्यो तर आपला हाय!" ते खूश होऊन माझ्याकडे वळले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "आज मंगळवार न्हवं?"

नवऱ्याने थांबायचा प्रयत्न केला. थांबायला तो अजून शिकला नव्हता. आमच्या दिशेने येता येता त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि तो कुल्ल्यावर आपटला, थेट आमच्यासमोर. कंपू थांबला. कुणीतरी "ओ योये" म्हणालं. तो उठला नाही. तिथेच बर्फावर बसून, वर बघून, मोठ्याने म्हणाला, "आबा, मला नोकरी नाहीये. कधीच नव्हती. मी घरी असतो."

मी कठडा घट्ट धरून ठेवला. मामांनी कठड्याचं छोटं दार उघडलं आणि मुलाला उचलायला म्हणून बर्फावर पाय टाकला, धोतरासकट. मी ओरडले, "मामा, नका!" पण पैलवान कुणाचं ऐकतो? पुढच्या क्षणी नावाजलेले मल्ल चारी मुंड्या चीत होते. छताकडे बघत. शेवटी त्या लोकरी टोप्यांनी दोघांना बगलेत हात घालून बाहेर ओढलं, बाकावर शेजारी शेजारी बसवलं आणि थर्मासमधला चहा पाजला. एक आजी मला म्हणाली, "तुमचे यजमान फार गुणी आहेत. वडिलांना मात्र शिकवावं लागेल."

मामांनी चहात दोनदा फुंकर घातली.

"मंग घर कोन बघतंय?" मामांनी विचारलं.

"मी."

"सैपाक?"

"एरवी मीच करतो, आबा."

मामांनी कप खाली ठेवला. चेहरा लालबुंद झाला, मानेची शीर फुगली. मी मनात म्हटलं, आता फुटणार. फुटलेच. "सैपाक तू करतोस," ते गरजले, "आनि मला हितं आल्यापास्नं हिच्या हातचं खायला घातलंस? बापाला? आरं, दात हलले माझं!"

मी चिडायचं की हसायचं, हे न कळून दोन्ही एकदम केलं. पण हसणं तेवढ्यापुरतंच होतं. बसमध्ये मामा खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर जपानी बाई नवी कॅसेट घेऊन आल्या, तर हाताने "नको" म्हणाले. नवऱ्याने टाय कपाटात टाकला आणि स्वयंपाकघरात शिरला. मामा त्याच्या हातचं जेवायचे, दोन भाकऱ्या जास्तच जेवायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. नवरा मला म्हणाला, "घेतलं बघ त्यांनी ते शाबास परत." मी म्हटलं, "घेऊ देत. मी देते तुला, किती हवेत?" तो हसला नाही. त्याला माझं नको होतं, त्यांचंच हवं होतं, आणि ते काही मला रांधून वाढता येणार नव्हतं.

रविवार आला. दर रविवारी मामा तालमीत फोन लावायचे. तिथे त्यांचे थोरले भाऊ आणि सगळी जुनी मंडळी फोनभोवती जमलेली असायची. फोनचा आवाज मोठा करून ठेवायची, म्हणजे जर्मनीतल्या साहेबाची खबर सगळ्यांना एकदम ऐकू यावी. मामांना हळू बोलणं जमतच नाही आणि तिकडच्यांनाही नाही, त्यामुळे दोन्ही बाजू मला हॉलमध्ये बसून ऐकू यायच्या.

"काय रं, साहेब काय म्हनतोय आपला?" थोरल्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"दादा," मामा म्हणाले, "साहेब हितं येकच हाय, ती माझी सून. पोरगं घर बघतंय."

"म्हंजे?"

"म्हंजे घर. सैपाक, कपडे, झाडलोट. त्यो जिना बी त्योच झाडतोय. तुमी भितीवर फोटो लावलाय, त्यातली पाटी जिना झाडायची हाय."

तिकडे हशा. तालीमभर हशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन हिसकावून एकेकाची खरडपट्टी काढायला मी उठलेसुद्धा. मामांनी हाताने मला बसवलं. स्वतः ताठ बसले आणि त्यांना हसू दिलं.

"झालं हसून? आता ऐका. माझं पोरगं बर्फावर आपटलं. धा बाया बघत हुत्या. आनि तसंच खाली बसून, माझ्या डोळ्यात बघून म्हनलं, आबा, मला नोकरी न्हाई. म्या तवापास्नं ईचार करतोय, आपल्यातल्या कुनाची हाय का येवढी छाती? तुमची न्हाई. माझी बी न्हवती. दादा, म्या ती शेवटची कुस्ती हरलो, तवा घरी सांगितलं की पावन्यांकडं जातोय. कुठल्या पावन्यांकडं! चार दिस उसात बसून रडत हुतो. आपल्या बापाला, आन्नांना, दिसू नये म्हनून."

हशा थांबला. नवरा पिठाच्या हातांनी दारात आला होता. हात तसेच धरून तो पुढे आला आणि सोफ्यावर बापाशेजारी बसला. मामांनी सरकून त्याला जागा दिली.

तिकडे खट् झालं, बहुतेक थोरल्यांनी फोनचा मोठा आवाज बंद केला, आणि ते अगदी हळू काहीतरी बोलायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मामा रिसीव्हर कानाला दाबून ऐकत राहिले. त्यांचा मोकळा हात नवऱ्याच्या गुडघ्यावर होता.

"व्हय?" शेवटी मामा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले. "आनि तू कुठं बसला हुतास, दादा?"